डिरेक्टरीच्या पोटात काय असावं?

सर्व्हरच्या खोलीतून : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण डिरेक्टरीचं झाड पाहिलं. वर संस्था, तिच्याखाली विभाग, विभागाखाली माणसं. प्रत्येक माणसाची एक नोंद आणि त्या नोंदीचा झाडातला पूर्ण पत्ता. आज त्या झाडाच्या मुळाशी जायचंय. ओपनएलडॅपचा सर्व्हर, म्हणजे स्लॅपडी, स्वतः काहीच साठवत नाही. तो बाहेरच्यांशी एलडॅपची भाषा बोलतो आणि आतल्या एका वेगळ्या थराला सांगतो, 'ही नोंद दे', 'ही नोंद ठेव'. त्या आतल्या थराला बॅकएंड म्हणतात. तो कोणता निवडावा आणि निवडल्यावर त्याची निगा कशी राखावी, एवढाच आजचा विषय.

आधी एक गोष्ट मनात पक्की करू. डिरेक्टरी वाचली जाते फार आणि लिहिली जाते थोडी. कॉलेजातला मुलगा सकाळी वायफायला जोडतो, मेल उघडतो, लॅबच्या मशीनवर लॉगिन करतो, ग्रंथालयाच्या पोर्टलवर जातो. दर वेळी त्याची नोंद वाचली जाते. तोच मुलगा पासवर्ड बदलतो वर्षातून एकदा किंवा दोनदा. बँकेच्या खात्यासारखी सतत जमा-नावे इथे नसते. म्हणून डिरेक्टरीच्या पोटात जे काही असेल ते वाचणाऱ्याला क्षणभरही थांबवणारं नसावं. ही कसोटी लावली की निवड बरीच सोपी होते.

पहिला मोह एसक्यूएलचा असतो. 'आमच्याकडे मायएसक्यूएल आहेच, त्याचा बॅकअपही होतो, मग एलडॅपचा डेटा तिथेच का नको?' हे मी अनेकांकडून ऐकलंय. ओपनएलडॅपमध्ये एसक्यूएलचा बॅकएंड आहे, पण तो आधीपासून टेबलांत असलेली माहिती एलडॅपच्या झाडासारखी दाखवण्यासाठी केलेला आहे. डिरेक्टरीचं मुख्य घर म्हणून नव्हे. एका माणसाला तीन ईमेल, दोन फोन आणि पाच गट असतात. झाडात ही एकच नोंद असते. टेबलांत तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक वाचनाला ते पुन्हा जोडावे लागतात. एसक्यूएलची ताकद ज्या कामात आहे ते काम डिरेक्टरी करतच नाही. या पर्यायावर मी यापेक्षा जास्त वेळ घालवणार नाही.

आता इतिहास, कारण त्याच्याशिवाय आजची निवड कळत नाही. एलडॅपचा जन्म मिशिगन विद्यापीठातला. टिम हाउझ, स्टीव्ह किल आणि वेंगयिक यिऑंग यांनी लिहिलेला पहिला आरएफसी १९९३ चा. एक्स.५०० नावाची जड व्यवस्था होती, तिच्यापर्यंत हलक्या वाटेने पोचायचं म्हणून हा प्रोटोकॉल. स्लॅपडीही मिशिगनमधलाच. १९९८ मध्ये त्या कोडवरून ओपनएलडॅप प्रकल्प सुरू झाला. तेव्हाचा बॅकएंड एलडीबीएम. त्यात व्यवहाराची, म्हणजे ट्रान्झॅक्शनची, हमी नव्हती. लिहिता लिहिता मशीन बंद पडलं की फाइल अर्धवट राही. २००२ मध्ये आलेल्या २.१ आवृत्तीत बर्कली डीबीवर आधारलेला बीडीबी बॅकएंड आला, पाठोपाठ त्याचाच झाडाच्या रचनेला जास्त अनुकूल असा भाऊ एचडीबी. पुढची बरीच वर्षं बहुतेक डिरेक्टऱ्या या दोघांवरच चालल्या.

बर्कली डीबी कसं काम करतं ते आपल्याकडच्या तलाठी कार्यालयावरून छान समजतं. जमिनीचा व्यवहार झाला की नोंद आधी फेरफार नोंदवहीत पडते, ती प्रमाणित झाली की मग सातबाऱ्यावर चढते. बर्कली डीबीही प्रत्येक बदल आधी लॉग फाइलमध्ये लिहितं आणि मग मूळ फाइलमध्ये. मध्येच वीज गेली, तर फेरफार पाहून सातबारा दुरुस्त करायचा, म्हणजे लॉग पुन्हा चालवायचा. पद्धत भक्कम आहे, जगभरचे मोठे डेटाबेस असेच चालतात. पण तिला सांभाळणारा माणूस लागतो.

तो माणूस काही वर्षं मी होतो. आमच्या गावात तेव्हा दिवसातून कित्येक तास लोडशेडिंग असायचं आणि सर्व्हरच्या यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली. वीज आली की मशीन उठायचं, स्लॅपडी उठायचा नाही. मग डेटाच्या डिरेक्टरीत जाऊन रिकव्हरीची कमांड हाताने चालवायची आणि ती संपेपर्यंत बाहेर लॅबच्या दारात उभ्या असलेल्या मुलांना 'पाच मिनिटं' म्हणत राहायचं. पुढच्या आवृत्त्यांत स्लॅपडी ती रिकव्हरी आपणहून करू लागला, पण बाकीची कामं राहिलीच. लॉगच्या फाइली दहा-दहा एमबीच्या साचत जात. त्या आपोआप काढण्याची सूचना दिली नसेल तर एक दिवस डिस्क भरे. कॉन्फिग फाइलच नसेल तर बर्कली डीबीचा कॅश फक्त २५६ केबी असे. आजच्या फोनमधल्या एका फोटोपेक्षाही लहान जागेत सगळं कॉलेज बसवायचं! त्यावर स्लॅपडीचा स्वतःचा नोंदींचा कॅश, त्यावर इंडेक्सच्या याद्यांचा तिसरा. एकच माहिती मेमरीत तीन ठिकाणी, आणि तिन्हींचे आकडे एकमेकांशी जुळवायचं काम आपलं. शिवाय कुलुपांची, म्हणजे लॉकची, संख्या मोजून द्यायची. ती कमी पडली की गर्दीच्या वेळी सर्व्हर अडे. मी तेव्हा एका वहीत हे सगळे आकडे तारखेसह लिहून ठेवत असे.

ओपनएलडॅपचे मुख्य आर्किटेक्ट हॉवर्ड चू यांनी नेमकी हीच दुखरी जागा पकडली. मार्टिन हेडेनफॉक यांनी लिहिलेल्या एका छोट्या बी-ट्रीच्या कोडवरून त्यांनी नवं एंजिन घडवलं आणि २०११ मध्ये ते लोकांपुढे मांडलं. तेच एलएमडीबी. त्यावरचा ओपनएलडॅपचा बॅकएंड म्हणजे एमडीबी. सगळा गाभा सीच्या दोन फाइलींत मावतो. त्यामागचा विचार मला आजही फार सुंदर वाटतो, म्हणून इथे जरा थांबतो.

एलएमडीबीने स्वतःचा कॅश ठेवणंच सोडून दिलं. अख्खी डेटा फाइल मेमरीच्या पत्त्यांवर चढवायची आणि कोणतं पान मेमरीत ठेवायचं, कोणतं सोडायचं, हा निर्णय ऑपरेटिंग सिस्टमवर सोपवायचा. लिनक्स ते काम तसंही दिवसभर करत असतो. माझ्या वहीतले निम्मे आकडे या एका निर्णयाने निरर्थक झाले.

दुसरा निर्णय लिहिण्याबद्दलचा. तलाठ्याच्या दाखल्यातच सांगायचं तर इथे सातबाऱ्याच्या पानावर खाडाखोड करायचीच नाही. बदललेलं पान कोऱ्या कागदावर नव्याने लिहायचं. त्या पानाकडे बोट दाखवणारं वरचं पानही नवं, त्याच्या वरचंही नवं, असं करत झाडाच्या मुळापर्यंत जायचं. सगळी नवी पानं डिस्कवर नीट उतरली की अगदी शेवटी एक ओळ बदलायची : 'खरं झाड आता इथून सुरू होतं'. ही ओळ फाइलीच्या सुरुवातीच्या दोन पानांपैकी एकावर असते. आजचा व्यवहार पहिल्या पानावर, पुढचा दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. फाइल उघडताना दोहोंपैकी नंतरचं कोणतं ते पाहून तेच खरं मानलं जातं. लिहिता लिहिता वीज गेली, तर ती शेवटची ओळ बदललेलीच नसते. जुनं झाड जसंच्या तसं उभं असतं. रिकव्हरीची कमांडच नाही, कारण दुरुस्त करण्यासारखं काही मोडतच नाही. लॉगच्या फाइलीही नाहीत. आणि जो कोणी जुनं झाड वाचत असेल त्याला कोणी उठवत नाही. त्याचं वाचन होईतो जुनी पानं जागेवर राहतात. एका वेळी लिहिणारा एकच, वाचणारे कितीही, आणि वाचणारे लिहिणाऱ्याची वाट पाहत नाहीत. सुरुवातीला आपण जी कसोटी ठरवली तिला हे तंतोतंत उतरतं.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. नवी डिरेक्टरी उभारत असाल तर एमडीबी घ्या. आता तसा दुसरा पर्यायही फारसा उरलेला नाही. बर्कली डीबी बनवणारी स्लीपीकॅट कंपनी ओरॅकलने २००६ मध्ये घेतली, २०१३ मध्ये सहाव्या आवृत्तीचं लायसन्स बदललं, आणि लिनक्सची बहुतेक वितरणं पाचव्यावरच थांबली. २०२१ मध्ये ओपनएलडॅप २.५ ने बीडीबी आणि एचडीबी दोन्ही काढून टाकले. नेटस्केपच्या घराण्यातला ३८९ डिरेक्टरी सर्व्हरही वर्षानुवर्षं बर्कली डीबीवर होता. तोही आता एलएमडीबीकडे आलाय. साम्बाच्या डोमेन कंट्रोलरला जुन्या टीडीबी फाइलीची चार जीबीची मर्यादा जाचत होती, त्यानेही २०१८ मधल्या ४.९ आवृत्तीपासून एलएमडीबीचा पर्याय दिला.

पण एमडीबी सांभाळावा लागत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याची एक मर्यादा आहे आणि ती मला प्रवेशाच्या दिवसांत भेटली.

फाइल मेमरीच्या पत्त्यांवर चढवायची तर पत्ते किती राखायचे हे आधी सांगावं लागतं. त्या सेटिंगचं नाव मॅक्ससाइझ, आणि ते दिलं नाही तर मर्यादा फक्त १० एमबी. डेबियन आपल्या तयार कॉन्फिगमध्ये ती एक जीबी करून देतं. मी मात्र कॉन्फिग स्वतः लिहिलं होतं आणि ती ओळ राहून गेली होती. दोन वर्षं काहीच झालं नाही. तिसऱ्या जुलैत नव्या मुलांची खाती उघडणारी स्क्रिप्ट मध्येच थांबली. त्याच दुपारी मुलं येऊन सांगू लागली की लॉगिन होतंय, पण पासवर्ड बदलत नाही. मी आधी पासवर्ड पॉलिसीवर संशय घेतला, मग वेबच्या फॉर्मवर, आणि त्यात दोन तास घालवले. शेवटी स्लॅपडीचा लॉग उघडला, तर त्यात सरळ लिहिलेलं होतं : मॅप फुल, उणे ३०७९२. फाइल भरली होती. वाचायला भरलेली फाइल चालते, म्हणून लॉगिन होत होतं. लिहायला नवी पानं लागतात, म्हणून बाकी सगळं अडलं होतं. हे लक्षण लक्षात ठेवा : वाचणं व्यवस्थित आणि लिहिणं बंद, तर आधी मॅक्ससाइझ आणि डिस्कवरची मोकळी जागा बघा.

उपाय एका ओळीचा होता. सीएन-कॉन्फिगमधून, म्हणजे चालू सर्व्हरच्या कॉन्फिगच्या झाडातून, आकडा वाढवला आणि सर्व्हर बंद न करता काम सुरू झालं. ६४ बिटच्या मशीनवर ही मर्यादा सढळ हाताने द्या. आजच्या डेटाच्या दहा-वीस पट दिली तरी बिघडत नाही. हा राखून ठेवलेल्या पत्त्यांचा आकडा आहे, नेहमीच्या सेटिंगमध्ये फाइल लिहिलेल्या पानांइतकीच वाढते. किती पानं वापरली आणि किती मोकळी हे मॉनिटर बॅकएंडमध्ये दिसतं. मी महिन्यातून एकदा तो आकडा पाहतो, प्रवेशाच्या दिवसांत रोज.

फाइल आपणहून लहान होत नाही, हेही ध्यानात असू द्या. हजार नोंदी पुसल्या तरी त्यांची पानं मोकळ्या पानांच्या यादीत जातात आणि पुढे वापरली जातात. त्यात काळजीचं काही नाही. काळजी आहे ती खूप वेळ चालणाऱ्या वाचनाची. एखादा प्रोग्रॅम तासभर अख्खी डिरेक्टरी वाचत बसला आणि त्याच वेळी लिखाण जोरात चालू असलं, तर त्याच्यासाठी जुनी पानं राखावी लागतात आणि फाइल फुगते. आणि ही फाइल नेटवर्कवरच्या डिस्कवर कधीही ठेवू नका. मशीनच्या स्वतःच्या डिस्कवरच ठेवा.

इंडेक्सबद्दल थोडक्यात. स्लॅपडीच्या लॉगमध्ये एखाद्या गुणधर्माच्या नावापुढे 'नॉट इंडेक्स्ड' असा शेरा वारंवार दिसला, तर त्या गुणधर्माला इंडेक्स हवा. यूआयडी, मेल, गटातले सभासद, ऑब्जेक्टक्लास, आणि दुसऱ्या सर्व्हरशी प्रत जुळवत असाल तर एंट्रीयूयूआयडी व एंट्रीसीएसएन, एवढ्यांवर बहुतेक संस्थांचं भागतं. शेरा दिसत नसताना 'असू दे' म्हणून इंडेक्स वाढवू नका. प्रत्येक इंडेक्स दर लिखाणाला बदलावा लागतो, आणि नावातल्या तुकड्यांवरचा, म्हणजे सबस्ट्रिंगचा, इंडेक्स तर सगळ्यात जागा खातो.

आता जुन्या एचडीबीवरून नव्या एमडीबीवर कसं यायचं. हे काम अनेक कॉलेजांत, पतसंस्थांत, छोट्या कारखान्यांत अजून बाकी आहे हे मला माहीत आहे. जुना सर्व्हर चालतोय म्हणून कोणी हात लावत नाही, आणि एक दिवस ऑपरेटिंग सिस्टम अपग्रेड होते व नवा स्लॅपडी जुनी फाइल ओळखतच नाही. तेव्हा क्रम असा ठेवा. अपग्रेडच्या आधी, जुनाच स्लॅपडी असताना, स्लॅपकॅटने, म्हणजे डिरेक्टरी मजकुरात उतरवणाऱ्या कमांडने, दोन फाइली काढा : शून्य क्रमांकाची कॉन्फिगची आणि एक क्रमांकाची डेटाची. कॉन्फिगच्या फाइलीत बॅकएंडचं नाव एचडीबीचं एमडीबी करा. कॅशचे आणि बर्कली डीबीचे सगळे जुने आकडे पुसून टाका, एमडीबी ते ओळखत नाही आणि पहिल्याच ओळीला अडतो. मॅक्ससाइझ घाला. मग नव्या आवृत्तीवर स्लॅपॲडने आधी कॉन्फिग, मग डेटा भरा. क्यू या पर्यायाने भरणं पुष्कळ लवकर होतं, मात्र मध्येच थांबलं तर अर्धवट फाइली पुसून पहिल्यापासून भरावं लागतं.

आणि इथे जवळजवळ प्रत्येक जण एकदा ठेचाळतो. स्लॅपॲड आपण रूट म्हणून चालवतो. तयार झालेल्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात. स्लॅपडी मात्र वेगळ्या युजरच्या नावाने चालतो, डेबियनवर ओपनएलडॅप, रेड हॅटच्या घराण्यात एलडॅप. तो उठतो, फाइल उघडू पाहतो, परवानगी नसते, आणि निमूट पडतो. डेटा सगळा नीट असतो, पण आपण घाबरून पुन्हा भरायला बसतो. फाइलींची मालकी बदला, झालं. कॉन्फिगच्या डिरेक्टरीचीही बदला, ती हमखास विसरली जाते. इंडेक्स नव्याने बांधणारी स्लॅपइंडेक्स कमांड चालवल्यावरही हेच पाहा.

राहिला बॅकअप. एमडीबीवर स्लॅपकॅट सर्व्हर चालू असतानाही बिनदिक्कत चालवता येतो. वाचणाऱ्याला जे झाड दिसतं ते पूर्णच असतं, अर्धवट नव्हे. रोज रात्री एकदा चालवा, फाइल दुसऱ्या मशीनवर न्या. 'आमच्याकडे दोन सर्व्हर आहेत, एकाची प्रत दुसऱ्यावर असते' यावर विसंबू नका. चुकून पुसलेला विभाग दुसऱ्या सर्व्हरवरूनही काही सेकंदांत पुसला जातो.

स्लॅपकॅटने निघतो तो एलडीआयएफ, साधा मजकूर. मी त्यालाच डिरेक्टरीची खरी मालमत्ता मानतो. एलडीबीएम गेला, बीडीबी गेला, एचडीबी गेला. प्रत्येक वेळी संस्था पुढे सरकल्या त्या याच मजकुराच्या जोरावर. तो उघडून वाचण्याची सवय लावून घ्या. मराठी नावं ठेवत असाल, एलडॅपमध्ये भाषेची खूण जोडून तशी ठेवता येतात, तर ती फाइलीत देवनागरीत दिसणार नाहीत. गुणधर्माच्या नावानंतर एकाऐवजी दोन अपूर्णविराम येतील आणि पुढे बेस-६४ ची अक्षरं. डेटा बिघडला असं समजू नका. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि बेस-६४ मध्ये त्याची नेमकी चार अक्षरं होतात. त्यांतली पहिली तीन कायम चारचा आकडा, के, एस अशी असतात, किंवा दीर्घ ईकार, उकार, एकार, हलन्त अशी चिन्हं असतील तर चार, के, डब्ल्यू. पहिल्या मोकळ्या जागेपर्यंत हा ठेका टिकतो. 'आशा' हे नाव म्हणजे चार-के-एस तीनदा. हा ठेका दिसला की नाव शाबूत आहे.

पुढच्या आठवड्यात दोन सर्व्हरांमधली प्रत कशी जुळवायची ते पाहू. तोवर एवढं करा : कालच्या रात्रीचा एलडीआयएफ एका रिकाम्या मशीनवर भरा, तिथे स्लॅपडी सुरू करा आणि स्वतःच्या पासवर्डने लॉगिन करून पाहा. लॉगिन झालं तरच तुमच्याकडे बॅकअप आहे.